साक्षीचा दात

नानासो मेटकरीचा काळा दात पाहिला नाही असा माणूस गावात शोधून सापडला नसता. नवी सून असो, कुणाचा जावई असो, नाहीतर बदली होऊन आलेला ग्रामसेवक असो, पहिल्या भेटीतच नानासो बोटाने वरचा ओठ उचलायचा आणि म्हणायचा, "ह्यो बघा. सख्ख्या भावानं केलंय." समोरचा जेवायला बसला असला तरी त्याची सुटका नव्हती.

गाव विट्याच्या पुढचं. निम्म्या घरांना कुलपं, कारण घरधनी कुठे कोइमतूरला, कुठे बरेलीला, कुठे गुवाहाटीला गलाईचं दुकान टाकून बसलेले. जुनं सोनं भट्टीत वितळवायचं, तेजाबात धुवायचं आणि चोख करून सराफाच्या हातात द्यायचं, हा धंदा. नानासो आणि त्याचा धाकटा भाऊ तानाजी यांचंही एकेकाळी असंच तिकडे दक्षिणेत एक दुकान होतं. तिथेच एका सकाळी तानाजीनं हातातली सांडशी भावाच्या तोंडावर मारली. वरच्या पुढच्या दोन दातांपैकी एक अर्ध्यात मोडला. दुसरा शाबूत राहिला, पण हळूहळू काळा पडत गेला.

नंतर गावात बिरदेवाच्या देवळापुढे जुनी माणसं बसली. मोडलेल्या दातावर तानाजीनं पदरच्या सोन्याची टोपी स्वतःच्या हातानं घडवून द्यावी, असं ठरलं. तानाजी हूं की चूं न करता घरी गेला आणि टोपी करून घेऊन आला. विट्यातल्या दातवाल्यानं ती बसवली. तेव्हापासून दोघा भावांत एक शब्द नाही. घरं मात्र एका भिंतीची, त्यामुळे एकाचा खोकला दुसऱ्याला ऐकू जातो.

आता सांडशी का उचलली गेली, हे नानासो कुणालाच सांगत नसे. "बोलाचाली झाली कायतरी," एवढ्यावर तो प्रकरण मिटवायचा. खरं असं की, एका गिऱ्हाइकाची साखळी वितळवल्यावर वजनात घट आली होती आणि त्या गिऱ्हाइकासमोर नानासोनं तानाजीला चोर म्हटलं होतं. गलाईवाल्याला बाकी काहीही म्हणा, तो हसून सोडून देईल. चोर म्हटलं की त्याचं दुकान बसलंच म्हणून समजा. तानाजीनंही गावात हा शब्द कधी उच्चारला नाही, कारण उच्चारला असता तर तो त्यालाच चिकटला असता. नानासोला हे पक्कं ठाऊक होतं आणि त्या गप्प बसण्यावर त्यानं आजवर खुशाल मजा मारली होती.

तर असा तो दात. आणि या वर्षी तो सुजला.

हिरडीवर पुळी आली, पू येऊ लागला, वरचा ओठ फुगून नाकाला टेकला. कोरेगावला दिलेल्या लेकीनं बापाला तिकडच्या डॉक्टरकडे नेलं. त्यानं फोटो काढला, मान हलवली आणि सांगितलं की रूट कॅनॉल करायला नसच सापडत नाही, आतली वाट बुजून गेली आहे, त्यापेक्षा दात काढून टाका. नानासो खुर्चीतून उठून उभाच राहिला. "दात काढल्यावर लोकास्नी दावू काय? हिरडी?"

डॉक्टरला अर्थातच काही कळलं नाही. लेकीला कळलं आणि तिनं कपाळाला हात लावला. पण नानासोच्या दृष्टीनं हा हसण्यावारी न्यायचा प्रश्न नव्हता. हा एक दात होता म्हणून तो तालेवार होता. दात गेला की तानाजीनं केलेलं सगळं धुऊन निघणार, चार वर्षांत लोक विसरणार, आणि तानाजी मिशीवरून हात फिरवत गावात हिंडणार. मेलो तरी चालेल, दात जाता कामा नये, असं त्यानं घरात जाहीर करून टाकलं. बायको अंबूबाई म्हणाली, "मग मरा की, कुणी आडवलंय," आणि भाकरी थापत राहिली.

सून प्रांजल मात्र हुशार. तिनं चार ठिकाणी फोन फिरवले आणि सांगलीत विश्रामबागला डॉ. त्रिशला मगदूम यांचा पत्ता काढला. बुजलेल्या नसा कॉम्प्युटरच्या मदतीनं शोधणारी ही बाई, असं तिला कळलं. तिनं सासऱ्याला गाडीत घातलं आणि निघाली.

डॉक्टरीणबाई पस्तिशीच्या, बारीक अंगाच्या आणि भलत्याच तिखट निघाल्या. त्यांनी विचारलं, "या दाताला कधी मार लागला होता का?"

एवढं कुणी विचारायचा अवकाश. "ह्यो दात म्या अख्ख्या गावाला दावलाय," म्हणत नानासोनं दक्षिणेतल्या दुकानापासून सुरुवात केली. सांडशीपर्यंत पोहोचतो न पोहोचतो तोच बाईंनी त्याच्या तोंडात आरसा घातला. "मी दातांवर उपचार करते काका, भावकीवर नाही. मोठा आ करा."

नानासोला असं कुणी मधे तोडलेलं खपत नसे. पण तोंडात आरसा असताना माणूस करणार काय?

मग स्कॅन झाला. जबड्याभोवती एक यंत्र फिरलं, नंतर पेनाएवढी एक कांडी दातांवरून फिरवून बाईंनी प्रत्येक दाताचा आकार टिपला. दोन्ही चित्रं कॉम्प्युटरनं एकमेकांवर बसवली आणि पडद्यावर नानासोचे दात मुळांसकट हवेत उभे राहिले. प्रांजल पुढे वाकून बघू लागली. नानासोला आपलाच जबडा असा उघड्यावर आलेला आवडला नाही.

"मार बसला की दात आतून स्वतःलाच बुजवत जातो," बाई म्हणाल्या. "नस जाते ती वाट बारीक होत जाते. हे बघा, सुरुवातीचा अर्धा रस्ता बंद आहे. आत मुळाच्या टोकाजवळ पुन्हा बारीक रेघ दिसतेय. अंदाजानं ड्रिल घातलं आणि जरा तिरपं गेलं की मूळ फुटलं, दात गेला. म्हणून रस्ता आधी इथे आखायचा." त्यांनी पडद्यावर एक हिरवी रेघ दातातून सरळ त्या टोकापर्यंत ओढली. "आता याच्यावरून मी एक साचा छापून घेणार. तो तुमच्या पुढच्या दातांवर चपखल बसेल. त्यात एक कडी असते. ड्रिल त्या कडीतूनच जाणार, ना इकडे ना तिकडे."

साचा म्हटल्यावर नानासोला जरा आपल्यातलं काहीतरी आल्यासारखं वाटलं. त्यानं पडद्याकडे नीट पाहिलं. काळ्या दाताच्या शेजारी टोपी होती तिथून पांढऱ्या रेघांचं जाळं फुटलं होतं.

"ह्ये पांढरं काय हाय?"

"तुमच्या टोपीचं. धातूवर किरण फाकतात."

"सोन्यावर बी?"

"कुठल्याही. आणि टोपीत नुसतं सोनं कुठे असतं, काही ना काही मिसळतातच. मुळाजवळ चित्र स्वच्छ आहे, आपलं काही अडत नाही." त्यांनी टोपीवर आरशाची दांडी टेकवली. "बरीच झिजलीय. चावून चावून खळगा पडलाय हिला."

बाई पुढे बरंच बोलल्या. गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगितलं, आठवड्यानं यायला सांगितलं. नानासोच्या कानात त्यातला एकच शब्द शिरला होता. मिसळतात.

तासगाव मागे पडलं. तसा नानासो म्हणाला, "प्रांजल, तानानं भेसळ केली."

"आवं मामा, त्या म्हणल्या कुठल्याबी धातूचं तसं हुतंय."

"तुला काय कळतंय त्यातलं? झिजली म्हणली का न्हाई? खळगा पडला म्हणली का न्हाई? खऱ्या सोन्याची टोपी अशी झिजंल व्हय?"

आता यावर काय बोलावं? सोनं जितकं चोख तितकं मऊ, हे त्या गावात शेंबडं पोरसुद्धा सांगेल. टोपीला खळगा पडला याचा अर्थ नेमका उलटा होता, आणि उभा जन्म भट्टीपुढे काढलेल्या माणसाला तो न कळण्याचं काहीच कारण नव्हतं. पण नानासोला तो कळून घ्यायचा नव्हता. त्याला गाडीतच दिसू लागलं होतं की आपण टोपी वितळवली, आत तांबं निघालं, आपण ती गोळी बिरदेवाच्या जत्रेत पंगतीच्या मधोमध ठेवली. बघा, तवा चोर म्हटलं ते काय खोटं म्हटलं? एका दाताच्या जागी दोन साक्षी झाल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी त्यानं पडवीतली जुनी भट्टी झाडली. धंदा पोराच्या हाती दिला होता, पण सोनं वितळवायची मूस, सांडशी, कसोटीचा दगड, तेजाबाची बाटली हे सगळं त्यानं जपून ठेवलं होतं. पकड हातात घेऊन तो आरशापुढे उभा राहिला तेव्हा अंबूबाई ओरडली, "आवं, दातात हाय ती! कपाटात न्हाई!"

"गप बस."

दोन हिसक्यांत टोपी निघाली. खाली मोडक्या दाताचा खुंट उघडा पडला, त्याला वारा लागला आणि नानासोच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यानं पाणी पुसलं, टोपी मुशीत टाकली आणि भट्टी पेटवली.

वितळल्यावर वर मळ आला नाही. हे पहिलं. नानासोनं मनाशी म्हटलं, तानाजी हुशार आहे, वरवर दिसू देणार नाही. थंड झालेली गोळी त्यानं दगडावर घासली. पिवळीधमक रेघ उठली. रेघेवर तेजाबाचा थेंब सोडला. रेघ होती तशीच राहिली. त्याला वाटलं तेजाब जुना झाला असेल. त्यानं शेजारच्या आळीतून ताजी बाटली मागवली. पुन्हा घासलं, पुन्हा थेंब सोडला. रेघ हलायला तयार नाही. मग मात्र तो इरेला पेटला आणि सगळी रीतसर क्रिया मांडून बसला. गोळीत चांदी मिसळून पुन्हा वितळवली, चांदीबरोबर भेसळही विरघळून जावी म्हणून तेजाबात उकळली, धुतली, उरलं ते पुन्हा गाळलं. पडवीत डोळे झोंबणारा धूर झाला, तो भिंतीवरून पलीकडे गेला. पलीकडे तानाजी खोकला आणि मग एकाएकी खोकायचा थांबला.

शेवटी काट्यावर ठेवलं तेव्हा जेवढं घातलं होतं तेवढंच सोनं परत आलं होतं. चोख. नावालाही भेसळ नाही.

नानासो काट्यापुढे बसून राहिला. दाताची टोपी कुणी चोख सोन्याची करत नाही, ती टिकत नाही, थोडं तांबं घालावंच लागतं. तानाजीला हे कळत नव्हतं असं कोण म्हणेल? तरी त्यानं तांब्याचा कणसुद्धा घातला नव्हता. ज्या तोंडानं आपल्याला चोर म्हटलं त्या तोंडात त्यानं असं सोनं बसवलं होतं की पुन्हा कधी कुणी कसाला लावलं तरी बोट दाखवायला जागा राहू नये. इतकी वर्षं नानासो ते सोनं मिरवत तानाजीची निंदा करत होता आणि तानाजी भिंतीपलीकडे बसून ऐकत होता. हे सगळं नानासोला लख्ख कळलं, आणि त्याला तानाजीचा पूर्वीपेक्षा जास्त राग आला.

"काय निघालं?" अंबूबाईनं विचारलं.

"काय न्हाई," म्हणून त्यानं गोळी कागदात गुंडाळून बंडीच्या आतल्या खिशात टाकली.

ठरल्या दिवशी सांगलीला गेल्यावर त्यानं तोंड मिटून ठेवलं होतं. खुर्चीत मागे रेलल्यावर ते उघडावंच लागलं. बाईंनी साचा हातात घेतला होता. तो दातांवर ठेवला, दाबला. तो एका बाजूला कलला. त्यांनी काढून पुन्हा ठेवला. साच्याला बारीक खिडक्या होत्या, त्यांतून तो दातांना टेकला की नाही ते दिसायचं. एका खिडकीतून नुसती फट दिसत होती. बाईंनी दिवा खाली ओढला आणि आत पाहिलं.

"टोपी कुठे आहे?"

"काढली."

"कुणी काढली?"

"म्या."

बाईंनी हातमोजे काढून टाकले. त्या आरडाओरडा करतील अशी प्रांजलची अपेक्षा होती. त्या हळू आवाजात बोलल्या आणि ते जास्त वाईट होतं. "मी तुमच्या दातांचा नकाशा त्या टोपीसकट काढला. त्यावर हा साचा केला. हा ज्या तोंडाचा आहे ते तोंड आता तुमचं नाही."

"जरा दाबून बसवा की. एवढ्यातेवढ्यानं काय हुतंय?"

"एवढ्यातेवढ्यानं काय होतं? साचा केसभर कलला तर ड्रिल मुळाच्या कडेनं बाहेर पडेल. मग गावाला दात नको, भोक दाखवा."

"मशीनचा लई तोरा सांगू नगा बाई. आमी बी साच्यात वतूनच खाल्लंय."

"मग साच्याखालचा पाट कुणी न सांगता काढून घेतला तर तुम्ही ओतता का?"

बाहेर बसलेली माणसं दाराकडे बघू लागली होती. बाई प्रांजलकडे वळून म्हणाल्या की खरं तर यांना घरी पाठवायला पाहिजे. पण मुळं जागेवरच आहेत, त्यामुळे जबड्याचा मोठा स्कॅन पुन्हा नको. दातांचे आकार नव्यानं टिपायचे आणि नवा साचा छापायचा, तो उद्या मिळेल. "आणि उद्यापर्यंत यांनी तोंडाला हात लावायचा नाही. पकड तर नाहीच नाही." मग त्यांना राहवलं नाही. "काढली तरी कशाला?"

"तपासायला."

"मग? काय होतं त्यात?"

प्रांजलनंही मान वर केली. हे तिलाही घरात कुणी सांगितलं नव्हतं. नानासोनं आपण होऊन आ केला आणि बोटानं दाखवलं की टिपा आकार, उशीर होतोय.

नवा साचा खटकन बसला. प्रत्येक खिडकीतून बाईंनी पाहिलं, बोटानं हलवून पाहिलं, तो जागचा हलला नाही. त्याच्या कडीतून त्यांनी दातावर खूण केली. मग बधिर केलेल्या तोंडावर रबराचा पडदा ताणला, त्यातून तेवढा काळा दात वर आला. कडीतून बारीक ड्रिल आत जाऊ लागलं. थोडं जायचं, थांबायचं, पाण्याचा फवारा, पुन्हा थोडं. नानासोला काही दुखत नव्हतं. त्याला फक्त बोलता येत नव्हतं, आणि बोलता येत नसलं की माणसाला नको ते आठवत बसतं. त्याला ती साखळी आठवली. जुन्या घडणीची, पोकळ मण्यांची होती. पोकळ मण्यांत लाख भरलेली असते, जोडाला हलक्या धातूचा डाख असतो, वर पिढ्यांचा मळ असतो. वितळवल्यावर वजनात घट येणारच. हे त्याला तेव्हाही ठाऊक होतं. गिऱ्हाईक आवाज चढवून बोलू लागलं, आपल्या अंगावर येऊ नये म्हणून त्यानं बोट शेजारी केलं होतं, एवढंच. तो खुर्चीत चुळबुळला.

"हलू नका," बाई खेकसल्या. त्यांनी साचा काढला, दाताच्या भोकात केसासारखी सुई सोडली आणि ती आत आत जात राहिली. फोटो काढला. सुई हिरव्या रेघेवरून थेट मुळाच्या टोकापर्यंत पोहोचली होती. "सापडली!" बाई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात आनंद होता, पण तो नानासोसाठी नव्हता.

पुढच्या खेपेला आत भरून दात बंद झाला. सूज उतरली होती, पुळी गेली होती. बाईंनी हात धुता धुता सांगितलं, "दात वाचला. आता हा आतून औषध ठेवून पांढरा करता येईल, दोन खेपांत. आणि तुमच्या टोपीचा आकार माझ्याकडे कॉम्प्युटरमध्ये आहे. सोनं असेल तर मी ती होती तशी करून घेते. तो खळगासुद्धा तसाच."

नानासोचा हात बंडीच्या खिशाकडे गेला. तानाजीनं घडवलेली टोपी, त्याच्याच सोन्याची, त्याच्याच आकाराची, पुन्हा तोंडात. "नगं."

"काय नको?"

"दोनी नगं. दात काळाच ऱ्हाऊ दे. त्याच्यासाठीच तर वाचवलाय."

बाईंनी रुमालाला हात पुसले. "म्हणजे तुम्हाला दात नकोच होता. तुम्हाला डाग हवा होता. आधी सांगायचं, मी इतकी डोळेफोड केली नसती." त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

जत्रेला गाव भरलं. कुलपं निघाली, गावोगावचे गलाईवाले बायकापोरं घेऊन आले. सकाळी ढोलांवर धनगरी गजी नाचून झाली, भंडारा उधळून झाला आणि दुपारी देवळामागे मटणाची पंगत बसली. दरसालप्रमाणे तानाजी समोरच्या रांगेत, अंतर ठेवून. नानासोच्या शेजारी बिराप्पाचा नवा जावई आला होता. नानासोला असं कोरं माणूस मिळणं म्हणजे पर्वणी. त्यानं घास बाजूला ठेवला, ओठ उचलला. "ह्यो बघा जावईबापू. सख्ख्या भावानं..."

जावई बघत राहिला. काळ्या दाताकडे त्याचं लक्ष नव्हतं. तो शेजारच्या उघड्या खुंटाकडे बघत होता. पलीकडून बिराप्पा वाकला. बिराप्पा म्हणजे जुना गलाईवाला, बरेलीत केस पांढरे केलेला.

"आरं नाना, टोपी कुटं गेली?"

"काढली."

दुसऱ्या कुठल्याही गावात पुढचा प्रश्न आला असता, दुखतंय का म्हणून. पण हे गाव वेगळं. बिराप्पाचे डोळे चमकले. "मग तपासली असशील की! काय निघालं?"

वाढणारा पोरगा पातेलं घेऊन जागच्या जागी थांबला. समोर तानाजीचा हात भाकरीवर तसाच राहिला. तो वर बघत नव्हता.

भेसळ. एवढा एक शब्द टाकायचा की काम झालं. नानासोच्या जिभेवर तो आलाही होता. पण सगळी पंगत गलाईवाल्यांची. त्यांनी गोळी बघायला मागितली असती आणि खोटं पहिल्याच दगडावर उघडं पडलं असतं. तेही एक वेळ जाऊ दे. माणसाबद्दल तो हवं ते बोलत आला होता, सोन्याबद्दल मात्र उभ्या आयुष्यात खोटं बोलला नव्हता, आणि आता बोलू म्हटलं तरी त्याची जीभ वळेना.

"चोख," तो म्हणाला.

"चोख? टोपीला?" बिराप्पा मोठ्यानं म्हणाला आणि त्यानं तानाजीकडे वळून पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. आपल्या सोन्यावर कुणी संशय घेतल्याशिवाय गलाईवाला टोपीला चोख सोनं घालत नाही, हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

तानाजीनं भाकरी खाली ठेवली. इतक्या वर्षांत तो नानासोशी बोलला नव्हता, त्यामुळे त्याचा आवाज निघाला तेव्हा पंगतीतल्या तरण्या पोरांना तो कुणाचा हे चटकन उमगलं नाही.

"मला कळलं हुतं," तो म्हणाला. "भिंतीवरनं तेजाबाचा वास आला. मनात म्हटलं, लाव. लावच एकदा कसाला." त्यानं नानासोच्या तोंडाकडे बोट केलं. "दात तर तू समद्यास्नी दावलास. आता ह्यास्नी सांग, म्या सांडशी कशापायी उचलली. तू मला काय म्हणलावतास त्ये सांग."

कुणी जेवत नव्हतं. जावई सासऱ्याकडे बघत होता, बिराप्पा नानासोकडे, आणि नानासोच्या खिशातली गोळी त्याच्या बरगडीला टोचत होती. एकच शब्द होता, फार मोठाही नव्हता. तो उच्चारला असता तर आजवरच्या सगळ्या हकिकतीचा निकाल लागला असता. तानाजी थांबला होता. त्याला घाई नव्हती.

नानासोनं ताटातला मटणाचा सर्वांत मोठा तुकडा उचलला आणि हाडासकट तोंडात घातला, म्हणजे बोलायला जागा राहू नये. बाहेर राहिलेलं हाड धरून पुढच्या दातांनी त्यानं तो तोडला, पुन्हा चावला, पुन्हा चावला. सगळी पंगत बघत होती.

काळा दात कणभरसुद्धा दुखला नाही.